धाडसी गोष्टींचा हिशोब: क्रिस्टीन व्हॅशॉनकडून नेमकं काय शिकायचं

प्रश्न असा आलाय: "दादा, मी कोल्हापूरला एका डेली सोपच्या युनिटमध्ये असिस्टंट ईपी (एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसरची मदतनीस) आहे. मला वेगळ्या, बोल्ड विषयांवरचे सिनेमे आणि पुढे सिरीज प्रोड्यूस करायच्यात. एक कथा हातात आहे, लेखक आता नाहीत, पण घरच्यांनी तोंडी होकार दिलाय. सगळे म्हणतात असल्या विषयाला पैसे कोण घालणार. क्रिस्टीन व्हॅशॉन या अमेरिकन प्रोड्युसरबद्दल वाचलं, ती तीस वर्षांहून जास्त काळ हेच करतेय. ती हे कसं जमवते आणि आपल्याकडे जमेल का?"

थोडं सविस्तरच लिहितो, कारण हा प्रश्न खूप जण विचारतात आणि दोन वाक्यांत उत्तर दिलं की समोरचा लगेच फायनान्सर शोधायला निघतो, तिथेच सगळं चुकतं. मी मराठी सिनेमा आणि मालिकांचं लाइन प्रोडक्शन, म्हणजे शूटचा रोजचा खर्च आणि व्यवस्था सांभाळायचं काम, करत आलोय, आता थोडंफार स्वतःचंही करतो, त्यामुळे जे सांगेन ते बजेटच्या कागदावरून बघून सांगेन.

सगळ्यात आधी माझं मत सांगून टाकतो. बोल्ड विषय आवडणारे प्रोड्युसर ढीगभर आहेत, प्रत्येक पार्टीत भेटतात. व्हॅशॉनचं वेगळेपण असं की तिला गोष्टीची बरोबर किंमत काढता येते. म्हणजे कुठल्या रकमेत ही गोष्ट आहे तशी, तिचा शेवट न बदलता, तिचं मुख्य पात्र गोड न करता बनू शकेल, तो आकडा. त्या आकड्याच्या वर गेलं की पैसे लावणारा घाबरतो, घाबरला की सूचना द्यायला लागतो आणि त्याची चूकही नसते, त्याचे पैसे आहेत. आणि आकडा फारच खाली नेला तर सिनेमा अर्धवट दिसतो, मग विषय कितीही जबरदस्त असो, लोक म्हणतात हेतू चांगला होता. या दोघांच्या मधली जागा शोधणं हे तिचं आयुष्यभराचं काम आहे.

ती मूळची न्यूयॉर्कची, मॅनहॅटनची. वडील जॉन व्हॅशॉन, 1930 च्या दशकातल्या मंदीत अमेरिकन सरकारच्या शेती खात्याच्या प्रकल्पासाठी गावोगाव फिरून फोटो काढणाऱ्या नामवंत फोटोग्राफर्सपैकी एक. ती ब्राऊन विद्यापीठात शिकली, तिथेच पुढे दिग्दर्शक झालेला टॉड हेन्स भेटला. 1987 मध्ये ती, हेन्स आणि बॅरी एल्सवर्थ अशा तिघांनी अ‍ॅपरेटस नावाची छोटी संस्था काढली, शॉर्ट फिल्म करणाऱ्या नवख्या लोकांना उभं करायला. मग 1991 मध्ये हेन्सचा पहिला फीचर 'पॉयझन' आला, सनडान्स महोत्सवात ग्रँड ज्युरी प्राइझ मिळालं आणि त्याच्याबरोबर वादळही. सिनेमात समलैंगिक आशय होता, बजेट साधारण अडीच लाख डॉलर, आणि त्यातले 25 हजार डॉलर नॅशनल एन्डोमेंट फॉर द आर्ट्स या सरकारी संस्थेचे. एका धार्मिक संघटनेच्या प्रमुखाने करदात्यांच्या पैशातून अश्लील सिनेमा काढला म्हणून बोंब ठोकली, बरेच दिवस पेपरात तेच चालू होतं, संस्थेच्या अध्यक्षाला सिनेमाच्या बाजूने जाहीरपणे बोलावं लागलं.

आता या प्रकरणाकडे प्रोड्युसरच्या नजरेने बघ. वाद झाला तो बजेटच्या दहाव्या हिश्श्यावरून. बाकीचा पैसा इकडून तिकडून थोडा थोडा जमवलेला होता, त्यामुळे असा एकही माणूस नव्हता जो उठून म्हणेल की माझे पैसे आहेत, हा सीन काप. सिनेमा जसा होता तसा थिएटरला लागला. पहिल्याच मोठ्या सिनेमात तिने हे बघितलं आणि माझ्या मते तिची पुढची सगळी पद्धत इथूनच निघाली असणार, की 'नाही' म्हणायचा हक्क असलेली माणसं जेवढी कमी तेवढी गोष्ट शाबूत.

1995 च्या सुमाराला तिची कंपनी किलर फिल्म्स सुरू झाली, पामेला कॉफलर तिची पार्टनर, आणि ही जोडी अजून टिकून आहे. एक गोष्ट लक्षात ठेव, प्रोड्युसरला पार्टनर लागतोच. एक जण सेटवर असतो तेव्हा दुसऱ्याने फोनवर पुढच्या सिनेमाचं काम हलवत ठेवायचं असतं. एकाच सिनेमावर संसार चालत नाही, किलरकडे कायम बऱ्याच गोष्टी वेगवेगळ्या टप्प्यांवर असतात, एक शूटला, एक एडिटला, तीन-चार नुसत्या कागदावर, आणि कागदावरची कधी उठेल ते कुणालाच माहीत नसतं.

आता 'बॉइज डोन्ट क्राय' जरा नीट बघूया, कारण तुझ्या प्रश्नाचं जवळपास सगळं उत्तर त्यात आहे. ब्रँडन टीना या तरुणाचा 1993 च्या अगदी शेवटच्या दिवशी नेब्रास्कात खून झाला. जन्माने मुलगी म्हणून नोंद, पण तो मुलगा म्हणून जगत होता आणि ते कळल्यावर त्याला मारलं. किंबर्ली पीअर्स तेव्हा कोलंबियात शिकत होती, तिने या घटनेवरचा लेख वाचला, विद्यार्थी म्हणून शॉर्ट फिल्म करायला घेतली, ती व्हॅशॉनने बघितली आणि फीचर करायचं ठरलं. त्या काळात हा विषय कुठल्याच स्टुडिओला नको होता. मुख्य भूमिकेसाठी शोध काही वर्षं चालला. नावाजलेल्या नट्या अशा भूमिकेला हात लावायला तयार नव्हत्या, आणि मोठं नाव असतं तर बजेट वाढलं असतं, बजेट वाढलं असतं तर विषय मवाळ करा म्हणणारे आले असते. शेवटी हिलरी स्वँक, तेव्हा फारशी कुणाला माहीत नव्हती, तिने साधारण 3 हजार डॉलरमध्ये ही भूमिका केली असं तिनेच नंतर अनेकदा सांगितलंय. सिनेमाचा खर्च 20 लाख डॉलरच्या आसपास, शूटिंग नेब्रास्काऐवजी टेक्सासमध्ये. 1999 मध्ये सिनेमा आला, जगभरात 2 कोटी डॉलरच्या वर धंदा केला, स्वँकला ऑस्कर मिळालं.

लोक ही कथा सांगताना ऑस्करवर थांबतात. मला त्यातल्या दोन कमी बोलल्या जाणाऱ्या गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक, रेटिंग. पहिल्यांदा सिनेमाला एनसी-17 मिळालं. अमेरिकेत हे रेटिंग म्हणजे मोठ्या थिएटर चेन दार लावतात, बरेच पेपर जाहिरात घेत नाहीत, तेव्हा व्हिडिओची मोठी दुकानंही ठेवत नसत. पीअर्सने नंतर उघडपणे सांगितलं की बोर्डाला खुनाच्या हिंसेपेक्षा प्रेमाच्या सीनची जास्त अडचण होती. मग कुठे किती कापायचं, काय वाचवायचं याची घासाघीस झाली आणि आर रेटिंग मिळालं. ही घासाघीस प्रोड्युसरने करायची असते, डायरेक्टरला त्यात एकटं सोडलं तर तो एकतर सगळं देऊन बसतो नाहीतर काहीच देत नाही. दुसरी गोष्ट, खऱ्या घटनेशी संबंधित एका मुलीने आपलं नाव आणि आयुष्य वापरलं म्हणून वितरकावर दावा लावला होता, तो कोर्टाबाहेर मिटला. सत्यघटनेवर आधारित काही करणार असशील तर हे डोक्यात पक्कं ठेव, हयात माणसांच्या सह्या आधी, क्लॅपबोर्ड नंतर.

1998 चा 'हॅपिनेस' हा अजून अवघड मामला. टॉड सोलोंड्झचा सिनेमा, त्यात एक बाप लहान मुलांवर अत्याचार करणारा आहे आणि सिनेमा त्याला राक्षस म्हणून न दाखवता माणूस म्हणून दाखवतो, बघताना पोटात गोळा येतो. व्हॅशॉन आणि टेड होप हे प्रोड्युसर. कान महोत्सवात समीक्षकांचं पारितोषिक मिळालं, तरी वितरक कंपनीच्या वर जो मोठा स्टुडिओ बसलेला होता त्याने हात झटकले. मग टेड होपच्या गुड मशीन या कंपनीने रेटिंगच न घेता स्वतः सिनेमा रिलीज केला. वितरक शेवटच्या क्षणी पळाला तर आपल्याकडे दुसरा रस्ता काय, हे त्यांना सुचू शकलं कारण सिनेमा स्वस्तात बनला होता, रस्ता बदलला तरी कुणी बुडणार नव्हतं.

इथे थोडं तांत्रिक सांगतो, कारण तुझ्या मालिकेच्या कामात हे येत नाही. तिकडच्या स्वतंत्र सिनेमाचा पैसा असा उभा राहतो: सेल्स एजंट, म्हणजे सिनेमा देशोदेशीच्या वितरकांना विकणारा, अंदाज काढतो की जर्मनीत एवढे मिळतील, जपानमध्ये एवढे, फ्रान्समध्ये एवढे, आणि हा अंदाज जवळजवळ पूर्णपणे नटाच्या नावावर असतो. त्या करारांवर बँक कर्ज देते. एखाद्या राज्याची करसवलत त्यात जोडली जाते, म्हणून 1950 च्या दशकातल्या न्यूयॉर्कची गोष्ट सांगणारा हेन्सचा 'कॅरॉल' ओहायोतल्या सिनसिनाटीत शूट झाला, आणि त्याचाच बॉब डिलनवरचा 'आय अ‍ॅम नॉट देअर' माँट्रियलमध्ये. मग येते कम्प्लिशन बाँड कंपनी, ती हमी देते की सिनेमा पूर्ण होईल, बदल्यात बजेटमध्ये साधारण 10 टक्के कंटिन्जन्सी, म्हणजे अचानक येणाऱ्या खर्चासाठी राखीव रक्कम, ठेवायला लावते, रोजचा प्रोडक्शन रिपोर्ट तपासते आणि शेड्यूल घसरलं तर थेट हस्तक्षेप करते.

या सगळ्या रचनेत एक खिळा निघाला की काय होतं ते ऑगस्ट 2024 मध्ये दिसलं. हेन्सचा नवा सिनेमा, 1930 च्या दशकातली दोन पुरुषांची प्रेमकथा, मेक्सिकोत ग्वादलहाराला सेट उभे, युनिट पोचलेलं, आणि शूट सुरू व्हायच्या अगदी तोंडावर मुख्य नटाने माघार घेतली. सिनेमा तिथेच थांबला. नट बदलून का नाही केला असं बरेच जण विचारत होते, तर वर लिहिलंय तेच कारण, पैसा त्याच्या नावावर उभा होता. एवढा अनुभव, एवढी पुण्याई असूनही या धंद्यात पाय घसरतो, आणि हे तिच्याबाबत वाचून मला तिच्याबद्दलचा आदर वाढला, कारण ती थांबलेली नाहीये.

टीव्हीबद्दल विचारलंयस. व्हॅशॉनने टीव्हीला कधी खालचं मानलं नाही, हे मला फार आवडतं. 'मिल्ड्रेड पिअर्स' घे. जेम्स केनची 1941 ची कादंबरी, 1945 मध्ये तिच्यावर सिनेमा आला तेव्हा दोन तासांत बसवायला आणि त्या काळच्या प्रेक्षकाला धरायला त्यात खून घातला गेला जो कादंबरीत नाहीच. 2011 मध्ये हेन्स आणि किलर फिल्म्सने एचबीओवर पाच भागांत तीच गोष्ट केली, खुनाशिवाय, आई-मुलीच्या नात्याला पाहिजे तेवढा वेळ देऊन, केट विन्स्लेटला एमी हा टीव्हीचा मोठा पुरस्कार मिळाला. पुढे 2021 मध्ये 'हॉल्स्टन' नेटफ्लिक्सला, त्यासाठी इवन मॅकग्रेगरला एमी. मुद्दा असा की गोष्ट किती लांबीची आहे ते आधी बघायचं आणि त्यावरून पडदा ठरवायचा. आपल्याकडे उलटं चालतं, एखादा प्लॅटफॉर्म सिरीज घेतोय असं ऐकलं की दोन तासांची चांगली कथा आठ एपिसोडला ताणतात.

आणि एचबीओला ते परवडलं कारण त्यांचे पैसे वर्गणीदारांकडून यायचे, मधे जाहिरातदार नव्हता. तू रोज ज्या व्यवस्थेत काम करतेस तिथे गुरुवारी टीआरपी येतो आणि शुक्रवारी कथेचा ट्रॅक बदलतो, तिथे बोल्ड गोष्ट नेऊन तिचे हाल करू नकोस. मालिकेतून शिस्त शिक, दिवसाला किती मिनिटांचं फुटेज काढायचं, एका लोकेशनवर चार सीन कसे लावायचे, नटाच्या डेट्स कशा जुळवायच्या. ही शिस्त वेगळ्या सिनेमावाल्यांकडे फार कमी असते आणि त्यांना तिची प्रचंड गरज असते. 'मे डिसेंबर' हा हेन्सचा 2023 चा सिनेमा, नॅटली पोर्टमन आणि ज्युलियन मूर अशा दोन मोठ्या नट्या, जॉर्जियात सव्हाना शहरात 23 दिवसांत शूट झालाय. 23 दिवस! डेली सोपच्या माणसाला तो आकडा बघून जे कळतं ते फिल्म स्कूलमधल्या मुलाला कळत नाही.

आता ती 'बरोबर किंमत' कशी काढायची ते एका सीनवरून दाखवतो. एका मराठी सिनेमाचं ब्रेकडाउन, म्हणजे पटकथेतल्या प्रत्येक सीनला काय काय लागेल त्याची यादी, आम्ही करत होतो, पटकथेत एक ओळ होती: रात्र, गावची जत्रा, ती गर्दीतून वाट काढत देवळापाशी येते आणि लाउडस्पीकरवर स्वतःच्या नवऱ्याचं नाव ऐकते. वाचायला एक ओळ. कागदावर मांडली तेव्हा दीडशे जुनिअर आर्टिस्ट, त्यांचे कपडे, दोन वेळचं जेवण, पाळणे आणि दुकानांचं आर्ट, मोठा जनरेटर, क्रेनवर लाइट, पोलिसांची परवानगी, रात्रीच्या शिफ्टचे वाढीव पैसे आणि दोन रात्री, कारण एका रात्रीत हे होणार नव्हतंच. डायरेक्टरसोबत बसलो आणि एकच विचारलं, यातलं तुला काय हवंय? तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, तिने ते नाव एकटीने ऐकलं पाहिजे. मग सीन घराच्या मागच्या अंगणात गेला. भिंतीपलीकडे दोन हॅलोजन, एकात रंगीत जिलेटिन फिरतंय, लांबून बँडचा आणि माइकचा आवाज, ती भांडी घासतेय, आणि लाउडस्पीकरवर देणगीदारांची नावं वाचताना तिच्या नवऱ्याचं नाव येतं, दुसऱ्या बाईच्या नावासोबत. हात थांबतात, नळ चालूच. अर्ध्या रात्रीत सीन झाला. थिएटरमध्ये त्या सीनला लोक श्वास रोखून बसायचे, आणि त्या दोन रात्रींचे वाचलेले पैसे आम्ही साउंड डिझाइनला दिले, जे असल्या सिनेमात सगळ्यात आधी कापलं जातं.

हे प्रत्येक पानाला करायचं असतं. आणि त्यासाठी डायरेक्टरचा तुझ्यावर विश्वास पाहिजे, की ही बाई खर्च वाचवायला नाही तर सीन वाचवायला विचारतेय. व्हॅशॉन आणि हेन्सचं नातं 'पॉयझन'पासून आजपर्यंत टिकलंय ते याच विश्वासावर, असं मला वाटतं. सोबत नवीन लोकांसाठीही दार उघडं, सेलीन साँग ही नाटककार, तिचा पहिला सिनेमा 'पास्ट लाइव्हज' 2023 मध्ये आला, न्यूयॉर्क आणि सेऊलमध्ये शूट, आणि त्याच सिनेमामुळे व्हॅशॉनला 2024 मध्ये बेस्ट पिक्चरचं पहिलं ऑस्कर नामांकन मिळालं. 'पॉयझन'नंतर 33 वर्षांनी. हेन्सच्या 'फार फ्रॉम हेवन'ला चार नामांकनं होती, 'कॅरॉल'ला सहा, पण बेस्ट पिक्चरच्या यादीत ती कधी नव्हती. तू या धंद्यात किती वर्षांचा हिशोब धरून उतरतेयस ते यावरून ठरव.

आपल्याकडे जमेल का? जमलेलं आहे. 'कोर्ट' बघ. चैतन्य ताम्हाणे तेव्हा पंचविशीच्या आसपास, विवेक गोंबर हा नट, त्याने पहिल्यांदाच प्रोड्युसर व्हायचं ठरवलं आणि सगळ्यात आधी काय केलं तर ताम्हाणेला पटकथा लिहायला दरमहा पैसे दिले. आपल्याकडे कुणी देत नाही हे पैसे. लेखकाला चहा पाजतात, सायनिंगचे थोडेसे देतात आणि ड्राफ्ट मागतात. पुढे रॉटरडॅम महोत्सवाच्या ह्युबर्ट बाल्स फंडाची मदत मिळाली, मुख्य लोकशाहिराच्या भूमिकेत नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार, बरेच कलाकार कधी कॅमेऱ्यासमोर न आलेले. 2014 ला व्हेनिस महोत्सवात ओरिझोन्ती विभागातलं सर्वोत्कृष्ट सिनेमाचं आणि पहिल्या सिनेमासाठीचं अशी दोन्ही पारितोषिकं, मग राष्ट्रीय पुरस्कार, मग ऑस्करसाठी भारताची एन्ट्री. आणि तीच जोडी पुढे 'द डिसायपल' करते, 2020 मध्ये व्हेनिसला पटकथेचं पारितोषिक, आणि सिनेमा नेटफ्लिक्सला जातो. व्हॅशॉन-हेन्ससारखंच, एक प्रोड्युसर, एक डायरेक्टर, दुसरा सिनेमा. आणि हे धाडस आपल्याला नवीन आहे असंही नाही. 1972 मध्ये 'सखाराम बाइंडर'च्या वेळी कमलाकर सारंग परिनिरीक्षण मंडळाच्या कात्रीविरुद्ध हायकोर्टापर्यंत गेले आणि जिंकले. नाट्यधंद्यातल्या माणसाने ते केलं, मागे कुठला स्टुडिओ नव्हता.

अडचणी मात्र खऱ्या आहेत, त्या लपवत नाही. राज्य शासनाचं अर्थसहाय्य अ आणि ब दर्जाप्रमाणे मिळतं पण सिनेमा पूर्ण झाल्यावर, परीक्षण झाल्यावर, म्हणजे ते शूटिंगला वापरता येत नाही आणि मिळेलच असं धरून कर्ज काढणं म्हणजे आत्मघात. ए सर्टिफिकेट आलं की सॅटेलाइटवाला, म्हणजे सिनेमाचे टीव्ही हक्क घेणारा, हात आखडता घेतो, कारण तो सिनेमा आहे तसा टीव्हीवर दाखवता येत नाही, टीव्हीसाठी वेगळी आवृत्ती पास करून घ्यावी लागते. म्हणून बजेट लिहितानाच सॅटेलाइटच्या रकान्यात शून्य धर. आलं तर वरकमाई. सेन्सॉरशी वाद झाला तर पूर्वी अपिलाला ट्रायब्युनल होतं, 2021 मध्ये ते बंद झालं, आता थेट हायकोर्ट, त्यामुळे वकिलाच्या फीसाठी वेगळी रक्कम ठेव, कंटिन्जन्सीतून ती काढू नकोस, कंटिन्जन्सी पावसासाठी असते. आपल्याकडे बजेट कमी करायचं म्हटलं की पहिली कंटिन्जन्सीच उडवतात, तसं करू देऊ नकोस, त्यापेक्षा एक लोकेशन कमी कर.

पैसे कुठून? माझ्या मते एकाच मोठ्या फायनान्सरपेक्षा चार-पाच छोटे बरे, प्रत्येकाची टक्केवारी आणि रिकव्हरीचा क्रम (कुणाचे पैसे आधी परत मिळणार) लिहून, आणि फायनल कटचा, म्हणजे सिनेमाच्या शेवटच्या एडिटचा, निर्णय करारात एकाच माणसाकडे. गोव्यात इफ्फी या आंतरराष्ट्रीय महोत्सवाच्या वेळी एनएफडीसी या सरकारी चित्रपट महामंडळाचा फिल्म बाजार (आता वेव्हज फिल्म बाजार) 2007 पासून भरतो, तिथे को-प्रोडक्शन मार्केटला प्रोजेक्ट पाठव, आणि निवड नाही झाली तरी एकदा जाऊन नुसतं बस, सेल्स एजंट कुठले प्रश्न विचारतात ते ऐक. आणि प्लॅटफॉर्मला प्रोजेक्ट पहिल्या फटक्यात विकून टाकायची घाई करू नकोस. ते खर्च अधिक ठरावीक नफा देतात आणि सगळे हक्क कायमचे घेतात, सिनेमा गाजला तरी पुढे तुझ्याकडे काही येत नाही. कधी कधी तोच एकमेव रस्ता असतो, मग घ्यावा, पण सगळे पर्याय बघून झाल्यावर.

आता तुझ्या कथेचं. हे शेवटी लिहितोय पण करायचं सगळ्यात आधी आहे. घरच्यांच्या तोंडी होकाराला कायद्यात काडीची किंमत नाही, आपल्या कॉपीराइट कायद्यात हक्क लेखी आणि सहीनेच दिले जातात. लेखक गेल्यावर 60 वर्षं हक्क वारसांकडे असतात, त्यामुळे सगळे वारस कोण ते शोध, मुंबईत एक भाऊ आणि अमेरिकेत एक बहीण असेल तर दोघांचीही सही पाहिजे, ज्याने तुला चहा दिला त्याच्या एकट्याची चालणार नाही. कथासंग्रहाच्या प्रकाशकाशी झालेला जुना करार मागून घे, कधी कधी चित्रपटाचे हक्क त्यात आधीच दिलेले असतात. करारात मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरतो, आणि एका वर्षात हक्क वापरले नाहीत तर, करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर, ते परत जाऊ शकतात. म्हणून मुदत, नूतनीकरण, जगभरचा प्रदेश, सिनेमा आणि सिरीज दोन्ही, शेवट बदलायची मुभा आहे की नाही, हे सगळं स्पष्ट लिही. मुदत लांबच घे, 'कॅरॉल'च्या पटकथेचा पहिला खर्डा 1990 च्या दशकातला आणि सिनेमा आला 2015 ला. सुरुवातीची रक्कम छोटी असली तरी चेकनेच दे आणि त्याची झेरॉक्स फाइलला लाव, पुढे कुठलाही सेल्स एजंट किंवा प्लॅटफॉर्म पहिली मागणी या फाइलची करेल.

हा कागद झाला की पटकथेची पहिली वीस पानं आणि तू स्वतः केलेलं ब्रेकडाउन पाठव, मी बघून देतो. ब्रेकडाउन कुणाकडून करून घेऊ नकोस, चुकलं तरी तूच कर.